हौशी धावपटूंचा पादशूल : वातकंटक की अस्थिभग्न?

पाऊल विषम पडल्याने होणाऱ्या वातकंटकाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आहे. सकाळी पहिल्या पावलांना टाचेत कळ येते आणि थोडे चालल्यावर ती शमते, असे रुग्ण आपल्या नित्य पाहण्यात असतात. तेथे स्नेहन, स्वेदन, एरंडस्नेह हा उपक्रम शास्त्रोक्तच होय.

परंतु धावणाऱ्या रुग्णाची वेदना पावलाच्या पुढील भागात, हाडावर एकाच बिंदूत असेल, दाबताच तीव्र होत असेल व धावल्याने वाढत असेल, तर सूक्ष्म अस्थिभग्नाची शंका घ्यावी. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. तेवढ्यावर विसंबून मर्दन करू नये. अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. अशा भग्नात बहुधा ६ ते ८ आठवडे धावणे वर्ज्य असते.

औषधविक्रेत्या बंधूंनीही तेल किंवा गुग्गुळकल्प देण्यापूर्वी ‘दुखते ते स्थान एका बोटाने दाखवा’ एवढे अवश्य म्हणावे. वेदना शमली म्हणजे हाड सांधले असे नव्हे. अर्धा तास वेदनारहित चालता आल्यावरच एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, अशा क्रमाने पुनरारंभ करवावा. वेदना परतल्यास थांबवावे.