शिबिरात कोण कोण येतंय?

पालकहो,

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती लागल्या की आपण चौकशीला फोन करतो. वेळ, फी, नाश्ता सगळं विचारून झालं की बरेच जण आवाज जरा खाली आणून विचारतात, "मुलं कशी असतात हो? चांगल्या घरची ना?" मुलांच्या शिबिरांचं काम करताना हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकते. आज त्याबद्दलच तुमच्याशी मनातलं बोलायचं आहे.

त्या प्रश्नातला रोख संयोजकाला बरोबर कळतो. मग पुढच्या वर्षी वस्तीतल्या शाळेत माहितीपत्रक पाठवायचं राहून जातं. "माझ्या मुलीला नीट ऐकू येत नाही, चालेल ना?" असं विचारणाऱ्या आईला "आमच्याकडे तशी सोय नाही" असं गोड शब्दांत सांगितलं जातं. ती आई पुन्हा फोन करत नाही.

सोय म्हणजे तरी काय लागते? खो-खोचंच बघा. खो देताना मागून पाठीवर हात लागतो आणि तोंडाने "खो" म्हटलं जातं. ऐकू न येणाऱ्या मुलीला हाताचा स्पर्श पुरतो. पंचांनी शिट्टीबरोबर रुमाल हलवला की झालं. मुलांना हे एकदा सांगितलं की ती आपसूक पाळतात. गोंगाटाने घाबरून जाणाऱ्या मुलाला थोडा वेळ बसायला शांत कोपरा हवा असतो. फॉर्मवर 'वडिलांचे नाव' ऐवजी 'पालकाचे नाव' छापलं, तर एकट्या आईबरोबर किंवा आजीजवळ राहणारं मूल रकाना भरताना अडखळत नाही. मुलग्यांना क्रिकेट आणि मुलींना मेंदी अशी वाटणी केली नाही, तर ज्याला नाच आवडतो तो मुलगाही मोकळेपणाने नाचतो.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही त्यात आल्या. पण मैदानावरच्या खेळात कुणाला घ्यायचं, हे शेवटी तिथली मोठी माणसं ठरवतात. सगळ्यांना सामावून घेणं महाराष्ट्राला नवीन नाही. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर वेगवेगळ्या जातींची मुलंमुली एकत्र खेळली. १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं झालं. आपल्या मुलांना गुरुजींच्या गोष्टी वाचून दाखवणाऱ्या आपण, शेजारच्या वस्तीतलं मूल शिबिरात असेल का म्हणून कचरावं, हे मला पटत नाही.

आपलं मूल वेगळ्या मुलांबरोबर राहिलं तर बिघडेल, ही भीती मनातून काढून टाका. हळू बोलणाऱ्या मित्राचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणं, डब्यातली वेगळी भाजी बघून नाक न मुरडणं, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या नव्या मुलाला खेळाचे नियम समजावून देणं, हे शिकवणीत मिळत नाही. ते बरोबर खेळतानाच अंगवळणी पडतं.

म्हणून यंदा फोन कराल तेव्हा वेगळे प्रश्न विचारा. वस्तीतल्या मुलांना फीची सवलत आहे का? चाकाच्या खुर्चीतलं मूल आलं तर स्वच्छतागृहापर्यंत पोहोचेल का? कुणी कुणाला जातीवरून, रंगावरून, चालण्याबोलण्यावरून चिडवलं तर ताई-दादा काय करतात? तुमच्या मुलाला यातलं काही लागत नसलं तरी विचारा. ज्यांना लागतं त्यांच्या आईवडिलांनी एकट्यानेच किती वेळा विचारायचं? चार पालकांनी विचारलं, की संयोजक सोय करतोच. आणि हा फोन करताना मूल शेजारी असू द्या. कुणाला आपलं म्हणायचं, ते मूल आपल्या प्रश्नांवरूनच ठरवत असतं.