ओझे कोठे बांधावे?

मोटारसायकलवरून माळशेज घाटाच्या वाटेने तंबूच्या मुक्कामाला जाताना सामान किती घेतले यापेक्षा ते कोठे बांधले याला अधिक महत्त्व आहे. मागच्या आसाच्या पाठीमागे जड ओझे बांधले, तर तो आस टेकूसारखा होतो. पुढच्या चाकावरचा भार घटतो आणि ऐन वळणावर हँडल हलके पडते. म्हणून स्टोव्ह, पाने-पक्कड, पाणी या जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत समतोल, खाली व स्वाराच्या जवळ ठेवाव्यात. पथारी व कपडे मागे चालतील. मात्र सायलेन्सरपासून दूर. रेनकोट सर्वांत वर असावा. दोरीचे सुटे टोक चाकात गेल्यास चाक जागीच अडकू शकते. तेव्हा टोके खोचावीत आणि १० किलोमीटरनंतर थांबून गाठी पुन्हा तपासाव्यात.