दोघे असले की पुरे

दारू सोडायची, असे पुष्कळ जण ठरवतात. कोणी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवतो. कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. ती शपथ खोटी नसते. घेताना मन खरेच तसे असते. चार दिवस जातात. आठ दिवस जातात. मग एखादी संध्याकाळ जड जाते. कुणाच्या घरी हळद असते. शिमग्याला मुंबईहून चाकरमानी येतात. "अरे, एकच घे. एकानं काय होतंय?" असे कोणीतरी म्हणतो, आणि शपथ मोडते.

घरची माणसे म्हणतात, "याच्यात दमच नाही." मग त्यालाही तसेच वाटू लागते. त्याला लाज वाटते. ती लाज विसरायला तो पुन्हा पितो.

दारू सोडताना माणसाला सोबत लागते. ती कोणाची? ती कशी मिळते? दुसऱ्याला ती कशी द्यावी? हे आपण या धड्यात पाहू.

ओढ म्हणजे काय?

रोज पिणाऱ्याच्या मेंदूला आणि शरीराला दारूची सवय लागते. दारू मिळाली नाही की शरीर ती मागते. या मागण्याला ओढ म्हणतात. जगभरातले डॉक्टर दारूच्या व्यसनाला आजार मानतात. आजारी माणसाला "तू वाईट आहेस" असे सांगून आजार बरा होत नाही.

ओढीचा एक गुण मात्र ध्यानात ठेवा. ती कायम राहत नाही. महाडच्या लोकांना सावित्रीचा पूर ठाऊक आहे. पाणी चढते, घरात शिरते, आणि मग ओसरते. पाणी चढत असताना शहाणा माणूस त्यात उभा राहून आपली ताकद अजमावत नाही. तो माळ्यावर जातो. शेजाऱ्याला हाक मारतो. ओढीचेही तसेच आहे. ती चढते. बहुधा अर्ध्या तासात ती ओसरू लागते. तेवढा वेळ काढायचा असतो. तो एकट्याने काढणे कठीण. बोलायला कोणी असले की तो निघून जातो.

आधी दवाखाना

जो रोज खूप पितो, सकाळी उठल्यावरही ज्याला घोट लागतो, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. त्यात जिवाला धोका असतो. हात थरथरतात. घाम येतो. मळमळते. झोप लागत नाही. काहींना फिट येते. काहींना भास होतात आणि ते भान हरपतात. पहिले तीन-चार दिवस फार जपावे लागते.

अशा माणसाने आधी सरकारी दवाखान्यात जावे. डॉक्टरला खरे सांगावे. किती पितो, किती वर्षे पितो, शेवटचे कधी प्यालो, हे लपवू नये. हा त्रास कमी करणारी औषधे आहेत. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी. त्याला न सांगता जेवणातून कसलेही औषध घालू नये. त्यानेही जीव जाऊ शकतो.

औषधाने सुरुवातीचा त्रास कमी होतो. पुढे रोजची संध्याकाळ येतेच. तिथे सोबती लागतो.

दोन माणसांची खरी गोष्ट

ही गोष्ट अमेरिकेतली आहे. १९३५ साली घडली. बिल विल्सन नावाचा एक माणूस न्यूयॉर्क शहरात शेअर बाजाराचे काम करी. दारूपायी त्याने कमावलेले सगळे घालवले होते. १९३४ च्या डिसेंबरात त्याने दारू सोडली. पाच महिन्यांनी तो कामासाठी ॲक्रन नावाच्या परगावी गेला. काम फसले. खिशात पैसे थोडे होते. तो हॉटेलात एकटाच उभा होता. समोर दारूचा गुत्ता होता. आतून हसण्याचे, बोलण्याचे आवाज येत होते.

त्याला कळले की आपण आता पिणार. त्याने काय केले? त्याने टेलिफोन उचलला. गावातल्या धर्मगुरूंना फोन लावले. त्याने विचारले, "तुमच्या गावात दारूने पिडलेला कोणी माणूस आहे का? मला त्याच्याशी बोलायचे आहे."

असा माणूस मिळाला. त्याचे नाव डॉक्टर बॉब स्मिथ. तो शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. दारूचे वाईट परिणाम त्याला पुस्तकातून ठाऊक होते, तरी त्याची दारू सुटत नव्हती. "पंधरा मिनिटेच बसेन," असे ठरवून तो आला. दोघे बोलत बसले ते रात्री अकरा वाजून गेले तरी उठले नाहीत. बिलने त्याला उपदेश केला नाही. स्वतःचे काय काय झाले, तेच सांगितले. डॉक्टर बॉबला तोवर उपदेश करणारे खूप भेटले होते. आपल्यासारखेच भोगलेला माणूस त्याला पहिल्यांदा भेटला.

पुढे काही दिवसांनी डॉक्टर बॉब एकदा घसरला आणि प्याला. बिलने त्याला टाकले नाही. १० जून १९३५ नंतर डॉक्टर बॉब कधीच प्याला नाही. तो १९५० साली वारला. बिल १९७१ साली वारला. तोही पुन्हा प्याला नाही.

या गोष्टीतले मर्म काय? बिल दुसऱ्याला वाचवायला गेला, आणि स्वतः वाचला. दोघांनाही एकमेकांची गरज होती.

निनावी लोकांची बैठक

या दोघांपासून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना सुरू झाली. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे निनावी मद्यपी. लोक तिला नुसते 'एए' म्हणतात. आज ती जगातल्या सुमारे १८० देशांत आहे. आपल्या देशात ती १९५७ साली आली. महाराष्ट्रात तिच्या बैठका मराठीतूनही होतात.

बैठक कशी असते? पाच-दहा माणसे एका खोलीत बसतात. कोणी साहेब नसतो. कोणी पाळीने उठतो, आपले पहिले नाव सांगतो आणि म्हणतो, "मी मद्यपी आहे." मग आपली हकीकत सांगतो. बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी तोंड घालत नाही. "तू असे करायला हवे होतेस," असे कोणी म्हणत नाही. जात, धर्म, पक्ष कोणी विचारत नाही. फी नसते. खर्चाला ज्याने त्याने स्वखुशीने द्यावे. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट असते. खोलीत ऐकलेले खोलीतच ठेवायचे असते.

तिथे जन्मभराची शपथ घेत नाहीत. "आजचा दिवस प्यायचे नाही," एवढेच ठरवतात. उद्याचे उद्या.

याचा उपयोग होतो का? २०२० साली तज्ज्ञांनी २७ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत दहा हजारांहून जास्त माणसे होती. ज्यांना डॉक्टरांनी आणि सल्लागारांनी नीट मार्ग दाखवून एएच्या बैठकांशी जोडून दिले, त्यांच्यात दारूपासून पूर्ण दूर राहिलेल्यांचे प्रमाण इतर उपचार घेतलेल्यांपेक्षा जास्त दिसले. सगळे सुधारतात असे नाही. पण सोबतीचे बळ खरे आहे.

आपल्याकडे माळकऱ्यांची रीत याच्या जवळची आहे. माळ घातलेला माणूस दारूला शिवत नाही. तो एकटा नसतो. एकादशीला भजनाला चार माळकरी भेटतात. वारीत सोबत चालतात. एक दिवस दिसला नाही तर "बुवा, काल कुठे होता?" असे विचारतात. माळेने कित्येकांची दारू सुटली, त्यात या विचारण्याचा मोठा वाटा आहे.

पुण्याचे मुक्तांगण

महाडहून वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्याला जाता येते. पुण्याला येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉक्टर अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैशाची मदत दिली. तिथे डॉक्टर आहेत, औषधे आहेत. पण रुग्णाला धीर देणारे कितीतरी कार्यकर्ते स्वतःच पूर्वी व्यसनात होते. "मला काय कळतंय तुमचं?" असे त्यांना कोणी म्हणू शकत नाही. घरी गेल्यावरही माणसाला पुन्हा पुन्हा भेटायला बोलावतात. व्यसन सोडल्याला वर्ष झाले की त्याचा वाढदिवस करतात. रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे.

आपल्या वाडीत काय करावे?

आपण म्हणाल, आमची वाडी डोंगरात. इथे बैठक कुठली? पण ध्यानात घ्या, ॲक्रन गावातही बैठक नव्हती. दोन माणसे होती. दोघे असले की पुरे.

समजा, पोलादपूर तालुक्यातला एक तरुण महाडच्या कारखान्यात कामाला जातो. त्याने पंधरा दिवस दारू घेतलेली नाही. त्याच्या वाडीतल्या तात्यांनी पाच वर्षांपूर्वी दारू सोडली. एका संध्याकाळी तो तात्यांना फोन करतो.

"तात्या, महाडच्या स्टँडावर उभा आहे. गाडीला अजून पाऊण तास आहे. आज पगार झालाय. आज काय माझं खरं नाय."

"दुपारी जेवलास काय?"

"नाय."

"मग पहिलं काहीतरी खा. वडापाव खा, वर चहा घे. स्टँडाच्या बाहेर जाऊ नको. फोन ठेवू नको."

"सगळे म्हणतात, एकानं काय होतंय."

"मला पण तेच म्हणायचे. मी एकच घेतला, आणि रात्रीची गाडी चुकली. पगार घरी पोचलाच नाय. तुझी काकी अजून तो दिवस विसरली नाय."

"मग तुम्ही पाच वर्षं कशी काढलीत?"

"पाच वर्षं कुठं रे! मी रोज सकाळी आजचं ठरवतो. तू फोन केलास, माझा पण आजचा दिवस निघाला बघ."

"गाडी लागली, तात्या."

"चढ. उतरलास की सरळ माझ्याकडं ये. दोघं जाऊन पगार तुझ्या आईच्या हातात देऊ."

तात्यांनी काय केले, ते नीट पाहा. ते रागावले नाहीत. त्यांनी आधी जेवण विचारले. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार वेळी ओढ जास्त लागते. त्यांनी स्वतःची फजिती सांगितली. त्याला वेळ काढून दिला. पगार एकट्याच्या खिशात ठेवला नाही.

सोबत्याने काही गोष्टी पाळाव्यात. त्याला सोबत म्हणूनही गुत्त्यावर जाऊ नये. त्याची गोष्ट पारावर सांगू नये. छोट्या वाडीत एकाच्या तोंडून निघालेले दहा कानांवर जाते, आणि दुसऱ्या वेळी तो फोन करत नाही. त्याला रोख पैसे उसने देऊ नयेत. तो घसरला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून त्याच्या घरी जावे. नशेत असताना समजूत घालत बसू नये.

सोडणाऱ्यानेही एक करावे. प्याल्यावर फोन करण्यापेक्षा पिण्याआधी करावा.

वाडीत असा माणूस नसेल, तर सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन नंबर १४४४६ आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा नंबर आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. जवळचे केंद्र कुठे आहे, ते १४४४६ वर विचारावे.

घरच्या माणसांसाठी

दारुड्याची बायको आणि मुले वर्षानुवर्षे गप्प राहतात. त्यांनाही सोबत हवी. बिलची पत्नी लोइस हिने १९५१ साली अशा घरच्यांसाठी 'अल-अनॉन' ही संघटना उभी केली. तिच्या बैठका भारतातही होतात. नवऱ्याच्या पिण्याला बायको जबाबदार नसते. त्याची उधारी तिने फेडलीच पाहिजे असे नाही. तो मारत असेल, तर ते सोसणे ही मदत नव्हे. १८१ या महिलांच्या नंबरवर फोन करावा, शेजारणीला सांगावे. बचत गटात दोघी-तिघी बोलू लागल्या, तरी मनावरचे ओझे हलके होते.

शब्दांचे अर्थ

मद्यपी : दारूचे व्यसन असलेला माणूस
निनावी : नाव न सांगता राहणारा
सहचरी : बरोबर चालणारी, पत्नी

उत्तरे सांगा

१. एकदम दारू बंद करण्याआधी कोणी दवाखान्यात जावे? का?
२. बिल विल्सनने गुत्त्यात जाण्याऐवजी काय केले?
३. ओढ कोणत्या चार वेळी जास्त लागते?
४. तात्यांनी त्या तरुणाचा पाऊण तास कसा काढून दिला?
५. आपल्या वाडीत दारू सोडलेला माणूस कोण आहे? तो कोणाला सोबत देऊ शकेल? वर्गात नाव घेऊ नका. घरी जाऊन विचार करा, आणि जमल्यास त्याच्याशी एकट्याशी बोला.