वीज किती, आणि केव्हा?

(द्वितीय वर्ष, कला)

विजेचा विषय निघाला की आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : वीज किती? नवे केंद्र किती मेगावॅटचे, गावाला पुरवठा किती तास, बिल किती आले. परंतु विजेचा स्वभाव ध्यानात घेतला तर 'किती' या प्रश्नाइतकाच 'केव्हा' हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. भरवशाची आणि टिकाऊ वीज मिळवण्यासाठी आज जे नवे तंत्रज्ञान पुढे येत आहे, त्याचे मर्म या 'केव्हा'मध्येच आहे. हा विषय विज्ञान शाखेचा, त्यात कला शाखेच्या विद्यार्थ्याने का पडावे, असे काही मित्र विचारतील. त्याचे उत्तर ओघाने येईलच.

उसाची गाडी आणि पन्नासचा आकडा

धान्य कणगीत साठवता येते, पाणी हौदात भरून ठेवता येते. वीज तारेत साठत नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते, जवळजवळ त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. आपण खोलीतले बटण दाबतो तेव्हा शेकडो मैलांवरच्या जनित्रावर तेवढा भार वाढतो.

उसाने भरलेली बैलगाडी चढणीला लागली की तिची चाल मंदावते. गाडीवानाने बैलांना वेळीच हाकारले नाही तर गाडी थांबते, मागेही येते. वीजजाळ्याचे तसेच आहे. आपल्या देशात विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने अशी ठरलेली आहे. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर फिरणारी अवजड जनित्रे मंदावतात व हा आकडा खाली येतो. मागणी एकदम घटली तर तो वर जातो. नियमानुसार तो ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राखायचा असतो. आपल्या राज्यात ऐरोलीजवळच्या कळवा येथील भारप्रेषण केंद्रात बसलेली माणसे रात्रंदिवस हा तोल सांभाळत असतात.

तोल गेला तर काय होते, हे ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाने पाहिले. काही वाहिन्या बंद होत्या, उरलेल्यांवर भार वाढला होता आणि काही राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढत होती. बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली आणि एकामागून एक वाहिन्या बंद पडत गेल्या. पहिल्या दिवशी उत्तर भारत, तर दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारत अंधारात गेला. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी देशात विजेची केंद्रे कमी नव्हती. ढळला होता तो तोल.

याच्या उलट उदाहरण ५ एप्रिल २०२० चे. टाळेबंदीच्या काळात रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले. काही मिनिटांतच देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली व पुन्हा चढली. तरीही जाळे कोसळले नाही. कारण पूर्वतयारी झाली होती आणि जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती झपाट्याने खाली आणून पुन्हा वर नेली. कोळशाचे थंड पडलेले केंद्र सुरू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्यावरचे केंद्र काही मिनिटांत पूर्ण जोर धरते. १,९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचे मोल केवळ त्याच्या आकड्यात नाही. सायंकाळी राज्यभर एकदम दिवे लागतात, त्या घडीला धावून येण्यात त्याचे खरे मोल आहे.

सूर्य मावळल्यावर

आता या जुन्या तोलात एक नवा भिडू आला आहे. जानेवारी २०२५ अखेर देशातील सौरवीज क्षमतेने १ लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. धूर नाही, राख नाही, कोळशाच्या वाघिणी नाहीत. तथापि सूर्याचे वेळापत्रक आपल्या हाती नाही. दुपारी वीज मुबलक असते, आणि सायंकाळी, घरोघरी दिवे लागण्याच्या वेळी, नेमकी ती आटते.

यावर एक उपाय म्हणजे साठवण. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ साली सुरू झाला. वीज शिल्लक असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची, अशी ही युक्ती आहे. दहा हिस्से वीज खर्चावी तेव्हा सात-आठ हिस्से परत मिळतात. तोटा दिसतो खरा, पण अवेळीच्या विजेचे वेळेवरच्या विजेत रूपांतर होते. दुसरा मार्ग मोठ्या बॅटऱ्यांचा. दक्षिण ऑस्ट्रेलिया हे सारे राज्य सप्टेंबर २०१६ मध्ये वादळामुळे अंधारात गेले होते. पुढच्याच वर्षी तेथे हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॅटची बॅटरी उभी राहिली. आकडा घसरू लागताच अशी बॅटरी सेकंदाच्या आतबाहेर वीज पुरवू लागते.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, आणि त्याकडेच आपले लक्ष कमी जाते. वीज मागणीच्या वेळेला आणण्याऐवजी मागणीच विजेच्या वेळेला न्यायची. स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांचा वापर वेगळा नोंदवू शकतो. त्यामुळे दुपारच्या विजेला कमी आणि सायंकाळच्या विजेला अधिक दर लावणे शक्य होते.

सरकवता येणारी मागणी

मात्र प्रत्येक मागणी सरकवता येत नाही. दिवा अंधार पडल्यावरच लागतो. दवाखान्यातील यंत्र थांबून चालत नाही. याउलट शेतीपंपाचे काम चार तास अलीकडे-पलीकडे झाले तरी पीक तक्रार करीत नाही. पाणी शेततळ्यात भरून ठेवता येते. म्हणजेच शेतीपंप ही सरकवता येणारी मागणी होय.

ही गोष्ट वीजव्यवस्थेला फार पूर्वीच कळली होती. म्हणून तर ती मागणी रात्रीकडे सरकवली गेली. गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी झाली आणि शेतीला थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, मिळू लागला. रात्री इतर मागणी कमी, म्हणून जाळ्याचा तोल उत्तम राहिला. हिशोबाच्या वहीत ही व्यवस्था चोख होती. परंतु त्या वहीत एक रकाना नव्हता. माझे वडील रात्रपाळीच्या आठवड्यात मध्यरात्री बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला जातात. पौषाच्या थंडीत गुडघाभर पाण्यात उभे राहणे, पायाखाली साप, आणि आमच्या भागात आता उसात बिबट्याही. ते परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नाही. जाळ्याचा भार हलका झाला, तो कुणाच्या तरी खांद्यावर आला.

सौरऊर्जेमुळे हे चित्र पालटण्याची पहिली खरी संधी आली आहे. राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तर २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आहे. गावाजवळच्या उपकेंद्रालगत काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तेथल्याच शेतीवाहिनीला दिवसा द्यायची. लांबून वीज आणताना होणारी गळती वाचते, बॅटरीचा खर्च पडत नाही आणि शेतकऱ्याला रात्रीची झोप मिळते. पावसाळ्यात ढगांमुळे वीज घटते, पण तेव्हा पाण्याची गरजही कमी असते. जी मागणी सरकते म्हणून रात्रीत ढकलली गेली, तीच मागणी सरकते म्हणून उजेडात आणता येते! एक सावधगिरी मात्र हवी. दिवसाची स्वस्त वीज म्हणून विहिरी उपसत राहिलो तर वीज टिकाऊ ठरेल आणि पाणी संपेल. ठिबक आणि पीकपद्धतीचा विचार सोबत हवाच.

शहाणपण कुणाचे?

'स्मार्ट' म्हणजे आपोआप चालणारे, असा आपला समज असतो. आमच्याकडे अनेक पंपांना ऑटो स्विच बसवलेला असतो. थ्री फेज आली की पंप आपोआप सुरू. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने हे यंत्र शहाणे आहे, कारण त्याची रात्रीची खेप वाचते. पण वीज येताच एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. मग डीपी जळते आणि नवी येईपर्यंत सगळ्यांचेच पीक वाळते. प्रत्येकाचे यंत्र शहाणे, आणि सर्वांचे मिळून नुकसान. यात शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. ज्याला मध्यरात्री उठावे लागते तो असा उपाय शोधणारच.

याउलट २००५ च्या सुमारास, भारनियमनाच्या कठीण दिवसांत, अक्षय प्रकाश योजनेत अनेक गावांनी स्वतःहून ठरवले की सायंकाळी पंप आणि गिरण्या चालवायच्या नाहीत. त्या बदल्यात घरोघरी दिव्यापुरती वीज सुरू राहावी. त्यासाठी यंत्रापेक्षा परस्परांवरचा विश्वास अधिक लागला. आज हेच काम यंत्रे करू शकतात. पंप गटागटाने, थोड्या थोड्या अंतराने सुरू करणे तंत्राला अवघड नाही. परंतु कुणाचा पंप आधी, कुणाचा नंतर, हे मीटर ठरवू शकत नाही. ते ग्रामसभेने ठरवायचे असते.

आणि म्हणूनच हा विषय आपलाही आहे. अर्थशास्त्रात आपण दुर्मीळ वस्तूची वाटणी शिकतो, राज्यशास्त्रात निर्णय कोण घेतो हे शिकतो. विजेच्या बाबतीत चांगल्या आणि वाईट वेळेची वाटणी हाच कळीचा प्रश्न आहे. अभियंता तोल राखील. त्या तोलात रात्र कुणाच्या वाट्याला द्यायची, हे मात्र समाजाला ठरवावे लागते. नवे तंत्रज्ञान गावात येईल तेव्हा ते किती मेगावॅटचे आहे हे अवश्य विचारावे. त्याबरोबरच, त्याने कुणाची रात्र वाचणार आहे, हेही विचारावे.