बाजार जोडलेले, भाव झाकलेला

अर्थशास्त्रात दोन बाजार एकात्म केव्हा मानतात? एकीकडे भाव चढला की व्यापारी तिकडे माल नेतात आणि अखेर दोन्हीकडच्या भावांत वाहतूकखर्चाएवढाच फरक उरतो, तेव्हा. ही कसोटी आम्ही आपल्या परिसरातील जनावरांच्या बाजारांना लावून पाहतो.

देवणी आणि लाल कंधारी हे नामांकित गोवंश याच भूमीतले. लातूर जिल्ह्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार व नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा येथे परप्रांतांतूनही गिऱ्हाईक येते. जनावरे सीमा ओलांडतात. भावाची माहिती मात्र मागेच राहते. सोयाबीनचा भाव क्विंटलवर ठरतो व जाहीर होतो. बैलाचे दात, खांदा, चाल पाहून प्रत्येकाचे मोल निराळे होते आणि सौदा रुमालाखाली बोटे दाबून ठरतो. तो आकडा चारचौघांना कळत नाही.

2022 मध्ये लम्पी चर्मरोगामुळे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा विक्रीच थांबली. दुष्काळात बाजार उघडे असूनही झळ बसते. चारा संपला की गावोगावचे शेतकरी एकाच वेळी दावणी रिकाम्या करतात आणि जवळचे सारे बाजार एकदम कोसळतात. पाऊस झालेल्या दूरच्या मुलखात भाव टिकून असतो. पण ज्याला तो ठाऊक असतो आणि ज्याच्यापाशी गाडीभाडे असते, त्या व्यापाऱ्यालाच तो फरक मिळतो.

म्हणून आमचे मत असे, की रस्ता बाजाराला बाजाराशी जोडतो. शेतकऱ्याला बाजाराशी जोडते ती माहिती. विकलेल्या जनावराचा वाण, वय आणि सौद्याची रक्कम बाजार समितीने दर आठवड्यास फलकावर लिहावी. शिकलेल्या मुलांनी ती वाचून घरी सांगावी.