पावले घटली तेव्हा

कोरोनाच्या काळात कॉलेजच्या मुलांचे काय झाले, हा विषय पालकसभेत अजूनही निघतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सर्वांनी समजून घ्यावा असा आहे.

या मुलांच्या मनगटावर पावले आणि झोप मोजणारी पट्टी महामारीच्या आधीपासूनच होती. त्यामुळे आधीचे व नंतरचे दोन्ही आकडे हाती आले. पूर्वी ती दिवसाला सुमारे १०,००० पावले चालत. पुढे ही संख्या ४,६०० वर आली. झोप २५-३० मिनिटांनी वाढली, म्हणजे विश्रांती कमी पडली असे नव्हे. पडद्यासमोरचा वेळ पाच तासांच्या वर गेला, आणि मित्रमंडळींत मिसळणे रोज अर्ध्या तासाच्याही आत आले. मार्च ते जुलै २०२० या काळात नैराश्याचा धोका असलेल्यांचे प्रमाण ४६ ते ६१ टक्के होते. ज्यांचे हिंडणे-फिरणे अधिक मोडले, त्यांना धोकाही अधिक.

मग काही मुलांना पैशांचे उत्तेजन देऊन पुन्हा चालायला लावले. पावले वाढली, पण मन काही सुधारले नाही!

यावरून व्यायाम व्यर्थ ठरत नाही. प्रयोग थोड्याच दिवसांचा होता. आम्हांला त्यात वेगळे दिसते. वसतिगृहातून वर्गात, तेथून कँटीनमध्ये जाताना पावलांबरोबर गप्पाही होत असत. पावले परत आणता आली, सोबत आणता आली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल सांगितली आहे. दहावी-बारावीचा खेळाचा तास गणिताला द्यावा, अशी काही पालकांची मागणी आहे. ती आम्ही मान्य केलेली नाही. गच्चीवर एकट्याने फेऱ्या मारणे हा त्याला पर्याय नाही. खो-खोला एका बाजूने नऊ गडी मैदानात लागतात.

विश्वस्त मंडळींना विनंती, की मैदानाचे फाटक सायंकाळी सातपर्यंत उघडे ठेवावे आणि कॉलेजात गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनाही येऊ द्यावे. चौकीदाराच्या जादा दोन तासांचा हिशेब आम्ही कार्यालयात दिला आहे.