आउटपुट आलं, म्हणून झालं?

चिऊ, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, सगळ्यांचे प्रोग्राम चालतात, माझेच तेवढे अडतात." आणि मग आवाज बारीक करून हेही सांगितलंस, की निम्म्या जणींनी ते सीनिअरच्या जर्नलमधून उतरवलेत. फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये एकच प्रश्न असतो: आउटपुट आलं का? आलं, तर सही घ्या आणि निघा. तुझा प्रोग्राम अडतो याची मला अजिबात काळजी नाही गं. अडतो तेव्हा तू निदान त्याच्याकडे नीट बघतेस. पहिल्याच फटक्यात चालला, की मला धास्ती वाटते. का, ते सांगते, पण त्यासाठी तुला जरा कामाला लावणार आहे.

देवळालीचे कापरेकर गुरुजी ऐकलेत ना? दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. नाशिकजवळ शाळामास्तर होते आणि आयुष्यभर आकड्यांच्या नादात रमले. १९४९ साली त्यांनी मांडलेली गंमत अशी. कोणतीही चार अंकी संख्या घे, फक्त चारही अंक एकसारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या क्रमाने लाव, आणि मोठीतून लहान वजा कर. जे येईल त्यावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलेस तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर तेच करून बघ, पुन्हा ६१७४च येतात. कुठूनही निघालीस तरी जास्तीत जास्त ७ फेऱ्यांत इथेच येऊन थांबतेस.

याचा प्रोग्राम सी मध्ये लिही. तुझ्या सिलॅबसमधलं जवळजवळ सगळं यात येतं. अंक सुटे करायला दहाने भागून बाकी काढायची, अंक ठेवायला चार घरांचा ॲरे, क्रम लावायला बबल सॉर्ट, आणि ६१७४ येईपर्यंत फिरणारा लूप. बबल सॉर्टला नाकं मुरडणारे भेटतील. चार अंकांना तो पुरतो, सहा तुलनांत काम संपतं. दहा लाख आकडे असले तर मात्र त्याच तुलना ५० हजार कोटींच्या घरात जातात, तिथे मर्ज सॉर्टला दोनेक कोटी पुरतात. ते पुढच्या वर्षी येईलच, आत्ता नको त्याच्या मागे लागूस.

आता खरी गोम. अंक सुटे करताना बहुतेक जण वाइल लूप लिहितात: संख्या शून्यापेक्षा मोठी आहे तोवर शेवटचा अंक काढ, ॲरेत ठेव, दहाने भाग. पुस्तकात तसंच असतं, दिसतंही बरोबर. त्याला २१११ दे. पडद्यावर ६१७४ येतं, फेऱ्या ५. वहीत हाताने करून बघ, तिथेही ६१७४, फेऱ्या ५च. झालं, घ्या सही!

पण थांब. आता फक्त शेवटचं नाही, प्रत्येक फेरीचं उत्तर छापून बघ. वहीतली वाट अशी आहे: ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. प्रोग्रामची वाट अशी: ९९९, ६९९३, ६२६४, ४१७६, ६१७४. निघण्याची जागा एक, पोचण्याची जागा एक, फेऱ्याही तेवढ्याच, आणि मधला रस्ता साफ वेगळा.

झालं काय? २१११ चे अंक चढत्या क्रमाने लावले तेव्हा ॲरेत १, १, १, २ होते. वजाबाकी आली ९९९. आपल्यासाठी ती ०९९९ आहे, कॉम्प्युटरसाठी नुसती ९९९. वाइल लूपने तीन वेळा ९ काढला, पहिल्या तीन घरांत ठेवला, संख्या शून्य झाली आणि लूप थांबला. चौथ्या घराला कुणी हातच लावला नाही. तिथे मागच्या फेरीतला २ तसाच बसून होता. तो या फेरीत बिनबोभाट सामील झाला आणि प्रोग्रामने ९९९२ वजा २९९९ करून टाकलं. कंपायलर एका शब्दाने बोलला नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं.

उपाय म्हणशील तर किती छोटा! वाइलच्या जागी बरोबर चार वेळा फिरणारा फॉर लूप. चौथ्या वेळी शून्याला दहाने भागलं तरी बाकी शून्यच, ते शून्य चौथ्या घरात जातं आणि जुना २ पुसला जातो. वाइल घ्यायचा की फॉर, हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही हे मला तरी या उदाहरणात जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

अशी चूक सापडते कशी? ड्राय रनने. नाव ऐकून तोंड वाकडं करू नकोस. वहीत आडवी रेघ मारायची, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, ॲरेच्या प्रत्येक घरालाही स्वतंत्र रकाना, आणि प्रत्येक फेरीला एक ओळ. मग आपण कॉम्प्युटर व्हायचं. तुला काय म्हणायचं होतं ते विसरायचं आणि कोडमध्ये जे लिहिलंय तेवढंच करायचं. हे जमायला वेळ लागतो, कारण आपलं डोकं राहिलेलं शून्य आपोआप भरून घेतं. व्हायवाला एक्स्टर्नलने एखादी ओळ झाकून "ही काढली तर काय होईल?" विचारलं, की जर्नल उतरवणाऱ्या गप्प होतात. रकाने भरलेली मुलगी बोलते.

आणि ११११ द्यायला विसरू नकोस. उत्तर शून्य, पुढेही शून्य, ६१७४ कधीच येत नाही आणि लूप फिरतच राहतो. घाबरू नकोस, कंट्रोल सी दाबून बाहेर ये आणि ती अट आधीच तपासून घे. एकसारख्या अंकांच्या ९ संख्या सोडल्या तर १००० ते ९९९९ मध्ये उरतात ८९९१. एक जादा लूप लावून त्या सगळ्याच तपास, मशीनला क्षणभरही लागत नाही.

हे फक्त शिकाऊ मुलांचं होतं असं समजू नकोस. जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलेला, आणि त्यातली चूक २००६ साली त्यांनीच जाहीर केली. मधलं घर काढायला दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची, किती साधं. पण साध्या इंटमध्ये २१४ कोटींच्या थोडं वरपर्यंतच आकडा मावतो. ॲरेत १०७ कोटींहून जास्त घटक असले, की ती बेरीज मावेनाशी होऊन उणे होऊ शकते. एवढे मोठे ॲरे पूर्वी कोण वापरत होतं? म्हणून वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं. दोन टोकांतल्या अंतराचं निम्मं डावीकडच्या टोकात मिळवलं की मिटलं.

तर आता चुकीचा आणि दुरुस्त केलेला, दोन्ही प्रोग्राम जवळ ठेव. दोघांना १००० दे आणि फेऱ्या मोज. काय दिसेल ते मी सांगणार नाही. रविवारपर्यंत रकान्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक. कोड नको पाठवूस, वहीचं पान पाठव.